खुंट्यांची सिद्धता

अंबादास सोळुंक्यांचं पत्र मराठीत होतं, म्हणून माथुर सरांनी ते न वाचताच स्वरूपाकडे सरकवलं. "आपकी डाक है," ते म्हणाले आणि पुन्हा आपल्या कामाला लागले.

गणित शिकवणाऱ्यांच्या एका संघटनेचं ते नियतकालिक. वर्षातून तीन अंक, दिल्लीहून, इंग्रजीत. त्यात नवं संशोधन छापत नसत. माहीत असलेलंच गणित कुणी नव्यानं, नीट समजावून सांगितलं असेल तर छापायचं. वाचक म्हणजे कॉलेजात शिकवणारे आणि बीएस्सीची मुलं. माथुर सर मुख्य संपादक होते. वर्गात शिकवताना सुचलेल्या युक्त्यांचं एक सदर होतं, ते स्वरूपा पाटणकर पाहायची. ती दिल्लीच्या एका कॉलेजात एकोणीस वर्षं शिकवत होती. नवरा, जयदीप, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरीला. घर गाझियाबादला, वसुंधरामध्ये. संपादक मंडळात मराठी वाचणारी ती एकटीच.

पत्र अकरा पानांचं होतं, फुलस्केपवर, निळ्या शाईत. सोळुंके जिंतूरला एका कॉलेजात शिकवत होते आणि नियतकालिकाचे आजीव सदस्य होते. 'इंग्रजी वाचता येतं, लिहिताना हात अडतो, म्हणून मराठीत लिहितो, क्षमा असावी,' अशी सुरुवात होती.

विषय होता एकसमान सातत्य. दुसऱ्या वर्षाची मुलं या प्रकरणाला दरवर्षी घाबरतात. सोळुंक्यांनी ते असं मांडलं होतं: डोंगरावरून एक वाट उतरते आहे. ती कुठे तुटलेली नाही, पण कुठे उतार सौम्य आहे, कुठे अंगावर येणारा. अख्ख्या वाटेसाठी पावलाचं एकच माप ठरवता येईल का, की जे कुठेही टाकलं तरी माणूस फार घसरणार नाही? पुस्तकातली सिद्धता बरोबर असते, मुलं ती पाठ करून मोकळी होतात. सोळुंक्यांनी खुंट्या ठोकल्या होत्या. वाटेच्या सुरुवातीला एक खुंटी. तिथून निघायचं, उंचीत हातभर फरक पडला की थांबायचं, दुसरी खुंटी ठोकायची. तिथून पुन्हा हातभर. वाटेला दोन्ही टोकं असतील तर खुंट्या मोजक्याच लागतात. कारण अनंत लागल्या तर त्या कुठेतरी एका जागी दाटी करतील. पण वाट तुटलेली नाही, म्हणजे त्या जागेच्या अगदी जवळ उंची जवळपास बदलतच नाही, मग तिथे इतक्या खुंट्या ठोकायची वेळच कशी येईल? शेवटी दोन खुंट्यांमधलं सगळ्यांत कमी अंतर घ्यायचं. तेच पावलाचं माप. ते कुठेही टाका, तीन हातांहून जास्त फरक पडणार नाही.

स्वरूपानं ते मेट्रोत उभ्यानं वाचलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर डोंगर काढून शिकवलं. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅम, बस इतना ही था?" एकोणीस वर्षांत त्या प्रकरणावर असं कुणी म्हटलं नव्हतं.

तिनं सोळुंक्यांना कळवलं की लेख फार सुंदर आहे, पण आम्ही इंग्रजीतच छापतो, तेव्हा इंग्रजीत टाइप करून पाठवा. त्यांचं कार्ड आलं: 'पाठवतो. थोडा वेळ द्यावा. आमच्याकडे गणिताची चिन्हं टाइप करणारं कुणी नाही.'

हे फेब्रुवारी २०२२ मधलं. ऑगस्ट उजाडला तरी लेख आला नाही. त्याच महिन्यात स्वरूपाच्या प्रमोशनची फाइल तयार होत होती आणि छापून आलेल्या लेखांच्या यादीत एक लेख कमी पडत होता. डिसेंबरच्या अंकात तिच्या सदराची चार पानं रिकामी होती. तिनं एका रविवारी बसून त्या अकरा पानांवरून चार पानांचा इंग्रजी लेख केला. उदाहरणं त्यांचीच, त्याच क्रमानं. डोंगर त्यांचा, खुंट्या त्यांच्या. वाक्यं तिची. वर लेखक म्हणून तिनं स्वतःचं नाव टाकलं आणि शेवटी दोन ओळी लिहिल्या, की ही कल्पना जिंतूरच्या अंबादास सोळुंके यांच्या पत्रातून मिळाली. तेवढ्या दोन ओळींवर तिनं स्वतःची समजूत घातली. नाव वर त्यांचं हवं होतं हे तिला तेव्हाही कळत होतं.

छापायला जाण्याआधी माथुर सरांचा मेल आला. लेख पानाबाहेर जातोय, शेवटच्या दोन ओळी काढल्या तर बसेल, काढू का? स्वरूपा कॉलेजच्या स्टाफरूममध्ये होती. तिनं मेल दोनदा वाचला. मग उत्तर लिहिलं, 'ठीक है सर.'

बाकी काही करावं लागलं नाही. अंक निघाला. दोन-तीन प्राध्यापकांचे कौतुकाचे फोन आले. एप्रिलमध्ये मुलाखतीला बसलेल्या बाहेरच्या तज्ज्ञांनी स्वतःहून विषय काढला. "वो खूंटियों वाला आर्टिकल आपका है ना? बहुत सुंदर." ती "जी" म्हणाली. प्रमोशन झालं. घरी जयदीपनं तिच्या आईबाबांना फोन लावून दिला आणि सगळे एकाच वेळी बोलत राहिले.

त्याआधी, फेब्रुवारीत, सोळुंक्यांचा एक मेल आला होता. डिसेंबरचा अंक मिळाला नाही, पोस्टात गहाळ झाला असावा, एक प्रत पाठवता येईल का. असे मेल ती नेहमी ऑफिसला पुढे पाठवत असे. हा तिनं तसाच राहू दिला. ती दोन ओळींचं कारण स्वतःला सांगू शकत होती, पण या मेलचं कोणतंच कारण तिच्याजवळ नव्हतं.

*

ऑगस्ट २०२४ मध्ये एका शनिवारी सकाळी सोळुंके मुलीला घेऊन स्वरूपाच्या घरी आले. आधी फोन केला होता. मुलगी अश्लेषा यूपीएससीच्या क्लाससाठी दिल्लीला आली होती, तिला राजेंद्रनगरला खोलीवर सोडायला ते आले होते, आणि 'मॅडमना भेटल्याशिवाय कसं जायचं' म्हणून मेट्रो आणि रिक्षा करत वसुंधरापर्यंत पोचले होते.

पन्नाशीचा, सडपातळ माणूस. इस्त्रीचा पांढरा शर्ट. त्यांनी पिशवीतून घरच्या तुरीची डाळ काढून टेबलावर ठेवली आणि मग एक प्लॅस्टिकचं फोल्डर.

"मॅडम, दोन वर्षं लावली मी. लाज वाटते," ते म्हणाले. "पण झालं एकदाचं. हिनं बीएस्सीला असतानाच ते चिन्हांचं टायपिंग शिकून घेतलं. इंग्रजी पण हिनंच बघितलं."

अश्लेषा म्हणाली, "बाबा प्रत्येक वाक्य सहा वेळा बदलायचे."

स्वरूपानं फोल्डर उघडलं. पहिल्याच पानावर डोंगराची आकृती होती, त्यावर बारीक उभ्या रेघा.

"तुम्ही पत्रात 'फार सुंदर' लिहिलं होतं ना," सोळुंके सांगत होते, "ते पत्र मी वर्गात वाचून दाखवलं. पोरांना म्हटलं, दिल्लीच्या अंकात आपल्या खुंट्या येणार. ती बॅच गेली पास होऊन. अजून रस्त्यात भेटली की विचारतात, सर, आलं का?"

जयदीपनं चहा आणला. तो त्यांना परभणीकडच्या पावसाबद्दल विचारत होता. स्वरूपाला वाटलं, आता सांगावं. वाक्य तोंडाशी आलंही होतं, 'सर, एक चूक झालीय माझ्याकडून.' पण त्या क्षणी अश्लेषा तिच्याकडे पाहत होती, बापाचं काम पोचतं करायला आलेल्या मुलीच्या नजरेनं, आणि स्वरूपा म्हणाली, "ऑफिसच्या मेलवर पाठवा. तिथून रीतसर परीक्षकाकडे जाईल."

"बरं," सोळुंके म्हणाले. उठताना त्यांनी तिला वाकून नमस्कार केला. ते तिच्याहून मोठे होते.

ते गेल्यावर तिनं जयदीपला सगळं सांगितलं.

"लिहिलंस तर तूच ना? भाषा तुझी आहे," तो म्हणाला.

"भाषेत काय आहे, जयदीप?"

"मग आता काय करणारेस?"

"परीक्षक लेख परत पाठवेल. 'मांडणीत नवं काही नाही' म्हणेल. तसंच होतं बहुतेक वेळा."

"आणि ते तुला चालेल?"

डाळ तिनं डब्यात भरून ठेवली, पण पुढचे काही महिने ती बाजारातलीच डाळ शिजवत राहिली.

*

नोव्हेंबरात संपादक मंडळाची बैठक होती. माथुर सरांनी परीक्षकाचं पत्र वाचून दाखवलं. परीक्षकानं लिहिलं होतं की हा लेख म्हणजे आपल्याच डिसेंबर २०२२ च्या अंकातल्या स्वरूपा पाटणकर यांच्या लेखाची सरळ नक्कल आहे. तोच डोंगर, त्याच खुंट्या, उदाहरणांचा क्रमसुद्धा तोच. अशा माणसाला नुसतं नाकारून चालणार नाही, त्याच्या प्राचार्यांना कळवावं.

"हिम्मत देखिए," माथुर सर म्हणाले. "हमारा ही माल हमें भेज रहा है. मैं आज ही प्रिंसिपल को चिट्ठी लिखता हूँ."

खोलीत पाच माणसं होती. सगळ्यांनी स्वरूपाकडे सहानुभूतीनं पाहिलं. चोरी तिची झाली होती.

"प्राचार्यांना नको, सर," ती हिंदीतच म्हणाली.

"क्यों?"

"कदाचित त्यांना स्वतःलाच सुचलं असेल. कल्पना काही अशक्य नाही."

"खूंटियाँ भी?"

"लहान गावातले शिक्षक आहेत. नोकरीवर गदा येईल. लेख परत पाठवू आणि सोडून देऊ. माझी तक्रार नाही."

माथुर सरांनी चष्मा काढला. "आप बहुत बड़े दिल की हैं," ते म्हणाले. बाकीच्यांनी माना डोलावल्या. नकाराचा मेल तिनंच पाठवावा असं ठरलं, कारण सदर तिचं होतं.

तो मेल तिनं सोमवारी दुपारी, दोन तासांच्या मधल्या वेळात लिहिला. आपल्या लेखातील आशय आमच्या नियतकालिकात यापूर्वी प्रसिद्ध झाल्याने लेख स्वीकारता येत नाही. कुणाचा, कधी, काही लिहिलं नाही. खाली फक्त 'संपादक'. पाठवून ती वर्गात गेली आणि शिकवलंही.

उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. मराठीत.

'आदरणीय मॅडम, हे आधी छापून आलं आहे हे मला खरोखर माहीत नव्हतं. आमच्याकडे अंक नियमित येत नाहीत, पण ते कारण होऊ शकत नाही, लेखकानं आधी शोध घ्यायला हवा. ज्यांनी आधी लिहिलं त्यांची मी मनापासून क्षमा मागतो. आपला वेळ वाया गेला, त्याबद्दल दिलगीर आहे. मी विद्यार्थ्यांना सांगेन की ही युक्ती माझी नाही. – अंबादास सोळुंके.'

स्वरूपानं स्टाफरूमच्या टेबलावर फोन उपडा ठेवला. शेजारी बसलेल्या सहकारी बाईंनी विचारलं, "तबियत ठीक है?" तिनं मान हलवली आणि बाहेर, कॉलेजच्या मागच्या लॉनवर गेली. हवा धुरकट होती, डोळे चुरचुरत होते. तिनं जिंतूरला फोन लावला.

"हां मॅडम, बोला. मेल मिळाला का माझा?"

"सर, विद्यार्थ्यांना काही सांगू नका," ती म्हणाली. "युक्ती तुमचीच आहे. डिसेंबर बावीसच्या अंकात जो लेख आहे तो मी लिहिलाय. तुमच्या पत्रावरून. नाव माझं टाकलं. तुमचं कुठेच नाही."

तिला वाटलं फोन कट झाला.

"सर?"

"ऐकतोय."

"तुम्ही अंक मागितला होता, तो मी मुद्दाम पाठवला नाही. तुम्ही घरी आलात तेव्हाही बोलले नाही. परवाच्या बैठकीत सगळे तुम्हाला चोर म्हणत होते, तेव्हाही गप्प बसले."

ते म्हणाले, "मी काल रात्रभर आठवत होतो, मॅडम, की हे मी कुठं वाचलं असेल. मला वाटलं वयानं विसरलो. अश्लेषाच्या आईला म्हटलं, माझ्या हातून चोरी झाली आणि मला पत्ता नाही."

स्वरूपानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी तुम्हाला वाईट बोलणार नाही," ते म्हणाले. "मला जमत नाही तसं. पण 'असू द्या' पण म्हणवत नाही. आता ठेवतो."

त्याच संध्याकाळी ती माथुर सरांच्या घरी गेली. सोबत ती अकरा पानं होती. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, पण आकृत्या दिसत होत्या, आणि पहिल्या पानावरची तारीख दिसत होती. तिनं सगळं सांगितलं, दोन ओळींचंही. माथुर सर पानं उलटत राहिले.

"वो दो लाइनें... मुझे लगा किसी स्टूडेंट का धन्यवाद होगा," ते म्हणाले. "मैंने ठीक से पढ़ा भी नहीं."

"त्यात तुमची चूक नाही, सर."

"थोडी है." त्यांनी पानं नीट जुळवून टेबलावर ठेवली. "और मैंने आपको बड़े दिल की कहा था."

यापेक्षा कठोर असं ते काही बोलले नाहीत. तिलाही ते पुरेसं झालं.

*

पुढचं सगळं सावकाश, कागदोपत्री घडलं. एप्रिलच्या अंकात पहिल्याच पानावर निवेदन आलं: अमुक लेखाचे खरे लेखक अंबादास सोळुंके आहेत, स्वरूपा पाटणकर यांनी तो त्यांच्या संमतीविना स्वतःच्या नावे छापला, नियतकालिक क्षमा मागते. मसुदा तिनंच लिहिला होता. माथुर सरांनी 'अनवधानानं' असा एक शब्द घातला, तो तिनं काढायला लावला. त्याच अंकात सोळुंक्यांचा लेख त्यांच्या नावानं आला, बाप-लेकीच्या इंग्रजीत. तिचं सदर दुसऱ्याकडे गेलं. कॉलेजला तिनं स्वतः लेखी कळवलं. चौकशी समिती बसली, आणि प्रमोशनचा फेरविचार सुरू झाला. स्टाफरूममध्ये तिच्या येण्यानं संभाषणं थांबू लागली. त्याची तिला सवय झाली. आईबाबांना सांगणं सगळ्यांत जड गेलं. बाबा म्हणाले, "का गं?" आणि त्यावर तिला जे जे सुचलं ते सगळं खरं होतं, पण उत्तर नव्हतं.

निवेदनाचा अंक तिनं रजिस्टर्ड पोस्टानं जिंतूरला पाठवला, सोबत एक पत्र. पोच आली, पत्राचं उत्तर आलं नाही. अश्लेषाला तिनं एकदा मेसेज केला, की दिल्लीत काही लागलं तर सांग. मुलीनं लिहिलं, 'धन्यवाद मॅडम, गरज पडणार नाही.'

नोव्हेंबर २०२५ मध्ये संघटनेची वार्षिक परिषद फरीदाबादला भरली. माथुर सरांनी सोळुंक्यांना व्याख्यानाला बोलावलं होतं. स्वरूपानं जाऊ की नको यावर आठवडाभर घालवला. जयदीप म्हणाला, "तू गेलीस तर त्यांना अवघडेल, नाही गेलीस तर तुला. तूच ठरव." ती गेली आणि शेवटच्या रांगेत बसली.

सोळुंके हिंदीत बोलले, मराठवाडी वळणाच्या, अडखळत्या हिंदीत. फळ्यावर डोंगर काढला. खुंट्या ठोकत ठोकत उजव्या टोकाला आले तेव्हा एका विद्यार्थ्यानं हात वर केला. शेवटची खुंटी आणि वाटेचं टोक यांच्यातलं अंतर फारच लहान निघालं तर? सोळुंके थांबले, फळ्याकडे पाहिलं आणि हसले. "तो पाऊल और छोटा रख लेंगे. छोटा रखने में नुकसान क्या है? शून्य नहीं होना चाहिए, बस." सभागृह हसलं. अश्लेषा पहिल्या रांगेत बसून फोनवर सगळं रेकॉर्ड करत होती.

चहाच्या वेळी त्यांच्याभोवती मुलं जमली होती. स्वरूपा लांब, खिडकीशी उभी राहिली. तिनं ठरवलं होतं की आपण होऊन जायचं नाही. गर्दी ओसरल्यावर तेच आले, हातात कागदी कप.

"तुमचं पत्र मिळालं होतं," ते म्हणाले. "उत्तर लिहायला घेतलं दोनदा. जमलं नाही."

"नका लिहू, सर. अपेक्षा नव्हती."

"चौकशीचं काय झालं?"

"प्रमोशन मागे घेतील बहुतेक. घ्यायलाच हवं."

त्यांनी मान डोलावली. 'वाईट झालं' म्हणाले नाहीत, आणि 'बरं झालं'ही नाही. दोघंही चहा पीत उभी राहिली.

"ती जुनी बॅच," ते एकदम म्हणाले, "त्यातल्या चौघांना अंक पोस्टानं पाठवला मी. बाकीच्यांचे पत्ते नाहीत माझ्याकडे. एक जण सुरतेला आहे म्हणतात, कुठल्या तरी मिलमध्ये."

"किती जण होते?"

"सव्वीस."

तेवढ्यात अश्लेषा आली. तिनं स्वरूपाकडे पाहून जेमतेम मान हलवली आणि म्हणाली, "बाबा, चला, गाडीची वेळ होतेय." सोळुंक्यांनी कप बादलीत टाकला, "येतो," म्हणाले आणि गेले.

स्वरूपाला वाटलं होतं, सगळं कबूल केल्यावर, छापून आल्यावर, त्यांच्या समोर उभं राहिल्यावर छातीवरचं काही तरी उतरेल. तसं काही झालं नाही. परतीच्या मेट्रोत तिला बसायला जागा मिळाली. समोर दोन मुली कसल्याशा परीक्षेच्या नोट्स चाळत होत्या. तिच्या डोक्यात बावीस मुलं होती, ज्यांना ती ओळखत नव्हती, ज्यांचे पत्ते कुणाकडेच नव्हते, आणि जी अजून समजत असतील की त्यांच्या सरांनी उगाच काही तरी सांगितलं होतं.

वाटेत गाडी बदलायला ती उतरली आणि गर्दीबरोबर घराकडच्या वैशाली स्टेशनच्या गाडीच्या दिशेनं चालू लागली.